ठेंगूंच्या गडावरील हत्ती

(द्वितीय वर्ष, कला)

संगणकावर खेळणे म्हणजे दिवसाढवळ्या वेळेची उधळपट्टी, असे आमच्या घरी सर्वांचे मत आहे. घरात संगणक नाही, त्यामुळे हे मत तपासून पाहण्याची वेळ तिथे कधी आलीच नाही. माझ्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. वसतिगृहात आले तेव्हा खोलीतल्या मैत्रिणीजवळ तिच्या भावाने वापरून टाकलेला जुना लॅपटॉप होता. त्यावर एक खेळ होता आणि त्या खेळात जनावरे पकडून माणसाळवता येत असत. मी गुराढोरांत वाढलेली. तेव्हा बाकीच्या मुली चित्रपट पाहत बसल्या, तरी माझे डोळे त्या खेळाकडे लागले. संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा प्रवासवर्णन लिहावे असे प्रथम वाटले. पण मी गावाहून कॉलेज आणि कॉलेजहून गाव यापलीकडे प्रवास केलेला नाही. म्हणून ज्या विषयात मला थोडेफार कळते, तोच निवडला आहे.

खेळाचे नाव ‘ड्वॉर्फ फोर्ट्रेस’. मराठीत ‘ठेंगूंचा गड’ म्हणता येईल. अमेरिकेतील टार्न अॅडम्स आणि झॅक अॅडम्स या दोन भावांनी तो रचला. थोरल्या-धाकट्याचा हिशेब बाजूला ठेवला, तर संगणकाची बहुतेक आज्ञावली टार्न यांनी लिहिली आणि कथा, कल्पना यांत झॅक यांचा वाटा मोठा. टार्न हे गणिताचे डॉक्टर. २००५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाची पदवी मिळवून ते टेक्सासमधील एका विद्यापीठात संशोधन करू लागले. पण दुसऱ्याच वर्षी ती वाट सोडून त्यांनी या खेळाला वाहून घेतले. २००६ च्या ऑगस्टमध्ये खेळ लोकांपुढे आला, तोही फुकट. पुढे कित्येक वर्षे दोघे भाऊ खेळणाऱ्यांच्या देणग्यांवर जगले. २०१२ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने संग्रहासाठी जे पहिले चौदा संगणकीय खेळ निवडले, त्यात हा एक होता. ६ डिसेंबर २०२२ रोजी त्याची सचित्र आवृत्ती विक्रीस आली. मात्र जुन्या वळणाची, चित्रांऐवजी अक्षरांची आवृत्ती अजून फुकट मिळते. आम्ही खेळतो ती अर्थातच फुकटची!

अक्षरांची आवृत्ती म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. तिच्यात पडद्यावर कुत्रा दिसत नाही. इंग्रजी लिपीतले ‘डी’ हे अक्षर फिरताना दिसते. मांजर म्हणजे ‘सी’, हत्ती म्हणजे मोठा ‘ई’. पहिले दोन दिवस मला पडद्यावर कोणीतरी मुळाक्षरे सांडून ठेवली आहेत असेच वाटले. तिसऱ्या दिवशी मोठा ‘ई’ दिसला की मी दचकू लागले. मनुष्याचे मन किती लवकर वळण घेते याचा तो पहिला धडा.

खेळाचा आरंभ असा : सात ठेंगू एका गाडीत सामान भरून अनोळखी मुलखात येतात. तिथे डोंगर पोखरून त्यांना गड वसवायचा असतो. खेळणाऱ्याने फक्त हुकूम द्यायचे. इथे खणा, इथे पेरा, इथे भट्टी लावा. कोणता ठेंगू कधी काम करील, कधी जेवायला जाईल, कधी रुसून बसेल, हे ज्याचे तो ठरवतो. गावच्या सरपंचाची स्थिती याहून फार वेगळी नसावी. जिंकण्याचा शेवट या खेळात नाही. गड वाढतो, आणि एक ना एक दिवस पुरामुळे, शत्रूमुळे, उपासमारीने किंवा आपल्याच मूर्खपणाने बुडतो. हरण्यातच मौज आहे, असे या खेळाचे चाहते मानतात.

आता मूळ विषयाकडे वळू. या खेळात प्राण्यांच्या बाबतीत तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत : पकडणे, माणसाळवणे आणि शिकवणे. आपण बोलताना तिन्हींची सरमिसळ करतो. खेळाने मला त्या वेगळ्या करून दाखवल्या, म्हणून त्या क्रमाने सांगते.

पकडणे

पकडण्याचे मुख्य साधन म्हणजे पिंजऱ्याचा सापळा. त्यासाठी दोन वस्तू लागतात. एक पिंजरा, तो सुतार लाकडाचा करतो, लोहार धातूचा करतो, काचेचाही होतो. दुसरी वस्तू म्हणजे दगडातून घडवलेली कळ. ज्या वाटेने जनावरे येतात तिथे ही जोडी बसवायची आणि वाट पाहायची. रानटी जनावराने त्यावर पाय दिला की ते पिंजऱ्यात अडकते. एक ठेंगू येऊन भरलेला पिंजरा कोठारात नेतो, आणि दुसरा येऊन रिकामा पिंजरा लावतो. लहानसहान जिवांसाठी, म्हणजे उंदीर, सरडे यांच्यासाठी, निराळे छोटे सापळे असतात. पण त्यांचा विस्तार इथे करत नाही.

गंमत अशी, की लाकडी पिंजऱ्याला जनावराच्या आकाराचे सोयरसुतक नाही. ज्यात ससा मावतो त्यातच हत्तीही मावतो. काही चोरटे जीव सापळे ओळखून टाळतात आणि काही अजस्र राक्षसी प्राण्यांवर त्यांचा परिणाम होत नाही. एरवी सापळा म्हणजे रामबाण. गड चालवणाऱ्याला हे सोयीचे खरे, पण इथे खेळ वास्तवापासून फार दूर जातो, ते पुढे सांगेन.

माणसाळवणे

पिंजऱ्यातले जनावर रानटीच असते. त्याला माणसाळवायला (खरे तर ‘ठेंगाळवायला’!) तीन गोष्टी हव्यात : त्यासाठी राखून ठेवलेली जागा, त्या कामावर नेमलेला ठेंगू, आणि त्या जनावराला रुचेल असा घास. मांसाहारी जनावराला मांस किंवा मासळी, शाकाहारी जनावराला वनस्पती. कोठारात योग्य चारा नसेल तर काम अडून राहते.

नेमलेल्या ठेंगूच्या हाताला जितके कसब, तितका गुण वरचा. पहिली पायरी नुसत्या ‘शिकलेल्या’ जनावराची. मग चांगले शिकलेले, कुशलतेने शिकलेले, असे चढत चढत अगदी उस्तादी शिक्षणापर्यंत जाता येते. याशिवाय ज्ञानाचा एक वेगळा हिशेब आहे, आणि तो मला फार आवडला. अमुक प्राण्याविषयी ठेंगूंच्या समाजाला एकूण किती माहिती आहे, याची खेळ नोंद ठेवतो. आरंभी माहिती शून्य असते. मग चार गोष्टी कळतात, मग साधारण परिचय होतो, मग जाणकारी येते. दर वेळी कोणी त्या प्राण्याला शिकवले की या समाईक ज्ञानात भर पडते आणि पुढच्याचे काम थोडे सोपे होते. म्हणजे शिकवणाऱ्याचे कसब त्याच्याबरोबर जाते, पण समाजाच्या पदरी काहीतरी उरते. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेल्या गुरांच्या खोडी आणि त्यांवरचे उपाय असेच उरत आलेले आहेत.

आता सर्वांत महत्त्वाचा नियम. रानातून धरून आणलेले जनावर एकदा शिकले म्हणजे कायमचे शिकले असे नाही. दिवस जातील तसे शिक्षण उतरत जाते. शिकवणाऱ्याने पुन्हा पुन्हा त्याच्याजवळ जायला हवे. तो गेला नाही तर गुण एकेक पायरी खाली येतो, जनावर अर्धवट रानटी होते, आणि शेवटी सूचना झळकते, की अमुक प्राणी पुन्हा रानटी झाला आहे. त्या वेळी तो पिंजऱ्यात असेल तर ठीक. भोजनगृहात असेल तर मात्र परमेश्वरच वाली.

यातून कायमची सुटका पुढच्या पिढीत होते. शिकलेल्या मादीला गडावरच पिल्लू झाले आणि त्याला लहानपणापासून शिकवत राहिले, तर ते पुरते पाळीव बनू शकते. त्याचे शिक्षण मग उतरत नाही. कुत्री, मांजरे, गाई, घोडे हे प्राणी ठेंगूंनी पूर्वीच पाळीव केलेले असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत ही धास्ती नसते.

शिकवणे

पाळीव असणे वेगळे आणि कामाला तयार असणे वेगळे. गडावरचा साधा कुत्रा पाळीव असतो, पण लढत नाही. त्याला युद्धाचे किंवा शिकारीचे शिक्षण स्वतंत्र द्यावे लागते. मग तो एखाद्या शिपायाच्या किंवा शिकाऱ्याच्या हवाली करता येतो आणि सावलीसारखा त्याच्यामागे फिरतो. वाघ, हत्ती अशा मोजक्या रानटी प्राण्यांनाही माणसाळवल्यानंतर असे तयार करता येते. युद्धाचा हत्ती दाराशी उभा असला, की खेळणाऱ्याला सातवाहन राजा झाल्यासारखे वाटते!

सगळी जनावरे लढाईसाठी नसतात. मेंढ्यांची लोकर कातरता येते, गाईंचे दूध काढता येते, कोंबड्यांना खुराडी करून दिली की अंडी मिळतात. चरणाऱ्या जनावरांना कुरण आखून द्यावे लागते. विसरलात तर ती भुकेने मरतात. २०११ साली चरण्याचा नियम खेळात आला, तेव्हा हत्तीची भूक एवढी मोठी धरली गेली की हिरव्या कुरणात सोडलेला हत्तीसुद्धा खाता खाता उपाशी मरत असे! पुढे ते प्रमाण सुधारले गेले. मांजरांचा तर निराळाच थाट. मांजराला मालक नेमून देता येत नाही. मांजरच आपला मालक निवडते. एकदा त्याने ठेंगूला आपलेसे केले, की ते मांजर कापण्याच्या यादीत घालता येत नाही, आणि बघता बघता गड मांजरांनी भरून जातो.

मांजरांचीच एक खरी घडलेली हकिगत सांगण्याजोगी आहे. २०१५ च्या अखेरीस खेळात मद्यगृहे आली. त्यानंतर गडावरची मांजरे मरू लागली, आणि कारण कळेना. टार्न अॅडम्स यांनी छडा लावला तो असा : मद्यगृहात प्याले सांडत, मांजरे त्या ओल्या जमिनीवरून चालत, मग मांजराच्या स्वभावाप्रमाणे पंजे चाटून स्वच्छ करत, आणि हिशेबातील चुकीमुळे पंजाला लागलेला ओलावा पूर्ण प्याल्याएवढा धरला जाई. मांजरे दारूच्या विषबाधेने मरत होती. मांजरांना मारायचे कोणाच्याच मनात नव्हते. जमीन ओली होणे, पंजे चाटणे, दारू चढणे, हे नियम वेगवेगळे लिहिले गेले आणि त्यांच्या गाठीतून मृत्यू निघाला. असे बारकावे असल्यामुळेच या खेळातल्या जनावरांवर माझा विश्वास बसला.

माझ्या गडाची हकिगत

माझा पहिला गड गवताळ, उष्ण मुलखात होता. दुसऱ्याच वर्षी हत्तींचा कळप आला. जाणत्या खेळाडूंना हत्ती म्हटले की धडकी भरते. २००६-०७ च्या सुमारास अनेक खेळाडूंनी एकच गड वर्षावर्षाच्या पाळीने चालवला होता. त्या गडाचे नाव ‘बोटमर्डर्ड’. त्या वेळच्या आवृत्तीतील हत्तींनी तिथे जो संहार केला, तो पुढे या खेळाच्या पुराणातच जमा झाला. मला यातले काही ठाऊक नव्हते. मी वाटेवर सापळे लावले आणि एक नर, एक मादी पकडली. एका ठेंगूला शिकवण्याच्या कामावर नेमले. तो सकाळसंध्याकाळ हत्तींपाशी असे. मी हत्तींना कुरणात सोडले आणि मोठ्या अभिमानाने मैत्रिणीला बोलावून ते दोन ‘ई’ दाखवले.

मग मी एक चूक केली. विहिरीसाठी भूमिगत पाण्याकडे भुयार खणायला घेतले आणि पाणी आत घुसले. दोन ठेंगू बुडाले, त्यातला एक हत्तींचा शिकवणारा. मी पाणी अडवले, भिंत बांधली, मेलेल्यांना मूठमाती दिली. पण त्याच्या जागी दुसरा नेमायचे माझ्या ध्यानातच आले नाही. हत्ती कुरणात शांत चरत होते. सारे ठीक आहे असेच वाटले. काही महिन्यांनी (खेळातल्या महिन्यांनी) ती सूचना झळकली. नर रानटी झाला होता. वाटेत आलेल्या चार ठेंगूंना त्याने तुडवले, आणि त्या शोकाने बाकीचे काम सोडून बसले. गड हिवाळा पाहू शकला नाही.

मला वाईट वाटले ते हत्तीने दगा दिला म्हणून नव्हे. त्याने दगा दिलाच नव्हता. त्याला रोजचा घास आणि रोजचा हात यांनी धरून ठेवले होते. तो हात गेला, एवढेच. दुसऱ्या गडाच्या वेळी मी एकाऐवजी दोन शिकवणारे नेमले. तिथे हत्तिणीला पिल्लू झाले, ते लहानपणापासून शिकले आणि पुरते पाळीव झाले.

खरे जग काय सांगते?

खेळ किती खरा आणि किती खोटा, हे पाहण्यासाठी मी ग्रंथालयात थोडे वाचन केले. पकडण्याच्या बाबतीत तो साफ खोटा आहे. कर्नाटकात काबिनी नदीच्या काठी, काकनकोटे येथे, हत्ती धरण्याचा ‘खेद्दा’ होत असे. मोठ्या संख्येने माणसे ढोल, मशाली घेऊन कळप हाकत आणत, भक्कम लाकडी कोटात कोंडत, आणि मग माहुतासह शिकलेले हत्ती आत सोडून एकेका रानटी हत्तीला दोरांनी जखडत. त्यात हत्ती जायबंदी होत, मरत, माणसेही मरत. तिथला शेवटचा खेद्दा १९७१ साली झाला. खेळातला पिंजरा एका क्षणात बंद होतो आणि कोणाला ओरखडाही उठत नाही. त्यामुळे पकडण्याची किंमत खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

शिक्षण उतरते हा नियम मात्र मला पुष्कळसा खरा वाटला. हत्ती हजारो वर्षे माणसाजवळ आहे, तरी गाईबैलांसारखा तो पाळीव झाला असे शास्त्रज्ञ म्हणत नाहीत; कारण माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्याची पैदास केली नाही. बहुतेक हत्ती रानातूनच धरले गेले. प्रत्येक हत्ती नव्याने माणसाळवावा लागतो.

पिल्लू एका पिढीत पाळीव होते, हा नियम मात्र खऱ्याच्या कसोटीला उतरत नाही. आईने जे शिकून घेतले ते पिल्लाच्या रक्तात उतरत नसते. रशियात नोवोसिबिर्स्क येथे दिमित्री बेल्यायेव या शास्त्रज्ञांनी १९५९ साली रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. त्यांनी कोल्ह्यांना काही शिकवले नाही. दर पिढीत जे कोल्हे माणसाला कमीत कमी भीत, कमीत कमी चावत, तेवढेच निवडून त्यांची पैदास केली. थोड्याच पिढ्यांत काही पिल्ले माणूस दिसताच शेपटी हलवू लागली. पुढे काहींचे कान लोंबते झाले, अंगावर पांढरे ठिपके आले. बेल्यायेव १९८५ साली वारले. त्यांच्या सहकारी ल्युदमिला त्रुत यांनी काम पुढे चालू ठेवले. तात्पर्य, माणसाळवणे एका जनावराचे होते. पाळीव होणे वंशाचे होते, आणि त्याला पिढ्या लागतात. खेळाने पिढ्यांचे काम एका पिल्लावर उरकले आहे.

सोन्याची गोष्ट

हे सगळे मी आबांना सांगितले ते गेल्या उन्हाळ्यात. आमचे गाव माणदेशात. घरी खिलार बैलांची जोडी असते. खिलार जात चपळ, देखणी, पण तापट. पवळ्या हा थोरला बैल. त्याच्या जोडीला लावायचा म्हणून सोन्या नावाचा गोऱ्हा आबा तयार करत होते. गोऱ्हा जन्मतः पाळीवच असतो. गोठ्यात हाताने चारा खातो, अंग चाटतो. पण त्याला जू माहीत नसते. वेसण घालायची, मग जाणत्या बैलाशेजारी जू मानेवर द्यायचे, प्रथम नुसते चालवायचे, मग हलके लाकूड ओढायला लावायचे, मग औत. हे सारे रोजच्या रोज. संक्रांतीनंतर आबांनी सुरुवात केली होती आणि सोन्या लाकूड ओढू लागला होता.

फाल्गुनात आबा बांधावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. माझी परीक्षा जवळ आली होती, म्हणून मला उशिरा कळवले. आबा अंथरुणावर, चुलत्याला स्वतःचे शेत, धाकटा भाऊ लहान. सोन्या अडीच महिने दावणीला उभा. वैशाखात चुलत्याने त्याला जू लावले, तेव्हा त्याने शिवळ मोडली, कासरा हिसडला आणि थेट ओढ्यापलीकडे पळाला. चुलते म्हणाले, ‘‘बाजार दावा ह्येला.’’ बैल विकला असता तर पेरणी भाड्याच्या औताने करावी लागली असती, आणि त्याला पैसा नव्हता. त्याच बैठकीत आणखीही एक गोष्ट निघाली. घरात करते माणूस पडलेले, तेव्हा पोरीने आता कॉलेज पुरे करावे आणि आईच्या हाताखाली राहावे, असे दोघातिघांनी सुचवले. आबा काहीच बोलले नाहीत.

त्या रात्री मी आबांच्या खाटेशी बसून हत्तीची गोष्ट सांगितली. त्यांना संगणकाचे काही वाटले नाही. पण शिकवणारा मेल्यावर हत्ती रानटी झाला, हे ऐकताच ते उठून बसले.

‘‘आन्‌ दुसरा मानूस न्हाई लावला?’’

‘‘नाही, आबा. ध्यानातच आलं नाही.’’

‘‘मग चूक तुजी हाय. हत्तीची न्हाई.’’

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सोन्याला पुन्हा पहिल्यापासून शिकवायला घेतले. आबांची खाट लिंबाखाली टाकली. मी पुढे दोर धरून चालायची, चुलते मागे कासरा धरायचे, आणि आबा खाटेवरून सांगायचे. पहिले चार दिवस नुसते चालवणे. तो बिथरला की मारायचे नाही, थांबायचे. पवळ्या उभा राहिला की तोही उभा राहतो. तेव्हा मला कळले, की निम्मे शिकवणे पवळ्याच करत होता. ही गोष्ट खेळात नाही. खेळात जनावराला ठेंगूच शिकवतो. जनावराला जनावर शिकवते, हे त्या दोघा भावांनी अजून लिहिलेले दिसत नाही. खेद्द्यातही रानटी हत्तीशेजारी शिकलेला हत्तीच उभा करत, ते मला मागाहून वाचायला मिळाले.

तीन आठवड्यांनी सोन्या औताला चालला. मृगाच्या पेरणीला आमचेच औत शेतात होते. कॉलेज उघडायच्या आदल्या दिवशी चुलत्यांनी पुन्हा तो विषय काढला. तेव्हा आबा म्हणाले, ‘‘मधी सोडलं की काय हुतं, त्ये गोऱ्ह्याचं बघितलं न्हवं? मग हिला मधी सोडायला सांगतायसा व्हय?’’ एवढेच. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.त त्यांनी मला बसवून दिले. स्वतः कुबडीवर फाट्यापर्यंत आले.

आबांनी मला गोऱ्ह्याच्या पंक्तीला बसवले, याचा मला राग आला नाही. आमच्यासारखी घरातली पहिलीच मुले इथे येतात, तेव्हा बराच काळ बिथरलेलीच असतात. वर्गात उत्तर येत असून हात वर होत नाही. कार्यालयाच्या खिडकीशी अर्ज देताना जीभ अडखळते. सुट्टीत दोन महिने घरी राहिले की पुस्तकाची सवय उतरते, आणि जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. अशा वेळी रोजच्या रोज कोणीतरी लागते. आमच्या काही प्राध्यापकांनी ते काम केले आहे, आणि शेजारच्या बाकावरच्या, आमच्याआधी वर्षभर इथे रुळलेल्या मुलींनीही केले आहे. पवळ्या तोच.

पण गोऱ्ह्यात आणि आमच्यात एक फरक आहे, तो आबांच्या बोलण्यात नव्हता. सोन्या उद्या दुसऱ्या गोऱ्ह्याशेजारी जू घेऊन उभा राहील, पण ते त्याने ठरवलेले नसेल. आम्हाला ठरवता येते. पुढच्या वर्षी आमच्या गावातून आणखी दोन मुली या कॉलेजात येणार आहेत. कार्यालयाची खिडकी कोठे आहे आणि ग्रंथालयाचे कार्ड कसे काढायचे, हे त्यांना मी दाखवणार आहे.

खेळाविषयी एवढेच, की ज्यांना तो पाहायचा असेल त्यांनी आमच्या खोलीवर अवश्य यावे. मात्र हत्ती पकडण्याआधी दोन शिकवणारे नेमून ठेवावेत, आणि विहीर खणताना सांभाळावे.